घरात माणसं आहेत, तरी आई अशी का झाली?

"आईला काय कमी आहे? घर भरलेलं आहे, तरी ती गप्प गप्प असते." मुलांच्या तोंडून हे मी सतत ऐकते. त्यातलाच एक अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून.

73 वर्षांच्या काकू मुलाबरोबर आल्या. 'उदास' हा शब्द त्यांच्या बोलण्यात एकदाही आला नाही. पहाटे तीनला झोप मोडते, भूक लागत नाही, अंग दुखतं, विसरायला होतं. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा असंच शरीराची तक्रार होऊन येतं आणि घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. थायरॉइड आणि बी-12 तपासून घेतलं, दोन्ही ठीक. ज्येष्ठांसाठीच्या 15 हो-नाही प्रश्नांच्या चाचणीत मात्र नैराश्याची दाट शंका आली.

मग त्यांच्यापुढे कागद ठेवला. पाच वर्षांपूर्वी मनातलं कुणाशी बोलायचात? नवरा, धाकटी बहीण, दोन मैत्रिणी, शेजारीण. पाच नावं भराभर उतरली. आणि आज? पेन बराच वेळ तसंच राहिलं. शेवटी मुलाचं नाव लिहून म्हणाल्या, "पण याला नाही सांगत. याच्या डोक्याला आधीच कमी ताप आहे का?"

मुलगा शेजारीच बसला होता.

अमेरिकेत 2005 साली सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या एका मोठ्या पाहणीतही जवळच्या माणसांची अशीच पाचपर्यंत नावं विचारतात आणि काही वर्षांनी पुन्हा विचारतात. जुनी माणसं गळतात, तशी नवीही येतात. ज्यांच्या यादीत नव्यांची भर पडली, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी आढळली. पण नैराश्यही माणसं तोडतं. काकूंनी उरलेल्या मैत्रिणीचे फोन घेणं स्वतःच बंद केलं होतं. अशा माणसाला नुसतं "चार लोकांत मिसळ" म्हणणं मला क्रूर वाटतं. म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषध सुरू झालं आणि जोडीला आमची दर आठवड्याची भेट. झोप सुधारल्यावर त्याच मैत्रिणीला एक फोन, एवढंच काम दिलं.

तिसऱ्या महिन्यात कागदावर नवं नाव आलं: वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या बाईंचं.

मुलाला मी सुचवलं होतं, "बरी आहेस ना?" विचारण्याऐवजी तुमची अडचण त्यांना सांगून बघा. त्यानं कामावरची एक काळजी आईपुढे मांडली. काकूंनी ती ऐकून घेतली, सल्ला दिला आणि त्याच रात्री पहिल्यांदा त्याच्याशी वडिलांबद्दल बोलल्या.