डायरेक्टर्स कट घेऊ की फायनल कट? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज बोलून गेलो की माझ्याकडे एकाच पिक्चरच्या तीन डिस्क आहेत आणि तिन्हींवर वेगळा कट, म्हणजे त्याच पिक्चरचं वेगळं जोडलेलं रूप आहे (घरच्यांना हे अजून पटलेलं नाही). त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं पान त्यालाच देतोय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, बहुतेक त्यांच्याही घरी पटलेलं नसावं, म्हणून फक्त गावं देतो.

प्रश्न (सांगली): ‘ब्लेड रनर’ घ्यायचाय. एकावर डायरेक्टर्स कट लिहिलंय, दुसऱ्यावर फायनल कट. डायरेक्टरने एकदा कट केला तर परत फायनल कशाला? आणि आमचा एक मित्र म्हणतो की खरा तो १९८२ चाच.

उत्तर: मित्र अगदीच चुकीचा नाही, पण थांबा. १९८२ मध्ये थिएटरला जो लागला त्यात नायक हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन आहे, म्हणजे पडद्यावर दिसतंय तेच तो परत सांगतो, आणि शेवट गोड आहे, गाडी डोंगरदऱ्यांवरून चाललीये वगैरे. हे दोन्ही प्रकार ट्रायल शो बघून लोक गोंधळले म्हणून वरून घालायला लावलेले. आणि ती डोंगरदऱ्यांची दृश्यं डायरेक्टर रिडली स्कॉटने शूट केलेलीच नाहीत, ती स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’मधली उरलेली फिल्म आहे, मागून आणलेली! पुढे एका जुन्या कच्च्या प्रिंटचे शो झाले, लोकांना ती आवडली, मग १९९२ ला कंपनीने डायरेक्टर्स कट काढला. निवेदन गेलं, गोड शेवट गेला, युनिकॉर्नचं, म्हणजे एकशिंगी घोड्याचं स्वप्न आलं. पण तो घाईत झाला, स्कॉटने सूचना पाठवल्या आणि काम दुसऱ्यांनी केलं, त्यामुळे नाव डायरेक्टरचं असलं तरी तो त्याच्या मनासारखा झालेला नव्हता. मनासारखा झाला २००७ ला, तोच फायनल कट, आणि त्याच वर्षी पाच डिस्कचा एक बॉक्स आला ज्यात पाचही रूपं एकत्र होती.

मी लोकांना नेहमी सांगतो की कव्हरवरचे शब्द सोडा, मागे बारीक अक्षरात मिनिटं छापलेली असतात ती बघा. पण इथे तेही चालत नाही, कारण १९८२ चा ११७ मिनिटांचा आणि फायनल कटही ११७ चाच, मधला एका मिनिटाने कमी. त्यामुळे इथे नावच वाचायला लागणार. पहिल्यांदा बघताय तर फायनल कट घ्या. फोरके डिस्क, म्हणजे ब्लू-रेपेक्षाही बारीक चित्राची, घेतलीत तर तिच्यावरही फोरकेत तोच आहे. १९८२ चा नंतर कधीतरी बघा, ते निवेदन ऐकून चिडायला मजा येते.

प्रश्न (नाशिक): एक्स्टेंडेड म्हणजे जास्त सीन, म्हणजे जास्त पैसा वसूल, बरोबर ना?

उत्तर: नाही हो. जास्त भात वाढला म्हणजे जेवण चांगलं झालं असं असतं का?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ घ्या. पहिला भाग थिएटरला १७८ मिनिटं, एक्स्टेंडेड २०८. दुसरा १७९ चा २२३ झाला आणि तिसरा २०१ चा २५१. मला स्वतःला हे लांबवाले आवडतात, पण डायरेक्टर पीटर जॅक्सननेच सांगितलंय की थिएटरला गेलेले कट हेच त्याच्या मते पक्के, लांबवाले चाहत्यांसाठी. तरी एक गोष्ट आहे, तिसऱ्या भागात दुष्ट जादूगार सारुमानचं शेवटी काय होतं हे थिएटरवाल्यात नाहीच, अख्खा सीन कापलेला, सारुमान झालेला ख्रिस्टोफर ली त्यावरून भयंकर नाराज झाला होता. तो सीन एक्स्टेंडेडमध्ये आहे. आणि हो, पहिल्या भागाच्या काही डिस्कवर २०८ लिहिलेलं असतं आणि काहींवर २२८, तर वरच्या वीस मिनिटांसाठी जीव टाकू नका, ती शेवटच्या पाट्यांमध्ये फॅन क्लबच्या मेंबरांची नावं आहेत.

लांब केल्याने पिक्चर खरोखर सुधारला याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण ‘किंगडम ऑफ हेवन’, २००५ चा. थिएटरला १४४ मिनिटं आणि डायरेक्टर्स कट १९४. मधल्या पन्नास मिनिटांत राणीच्या लहान मुलाची अख्खी गोष्ट आहे, ती थिएटरमध्ये उडवलेली, त्यामुळे तिथे ती बाई अशी का वागते ते कळतच नाही, लांबवाल्यात कळतं आणि पोटात कालवतं. उलट ‘सिनेमा पॅराडिसो’ बघा. जगभर गाजला आणि ऑस्कर मिळालं तो साधारण दोन तासांचा होता, नंतर २००२ ला १७३ मिनिटांचा आला, त्यात नायक मोठा झाल्यावर जुन्या प्रेयसीला परत भेटतो आणि तेव्हा काय झालं होतं ते सगळं उलगडून सांगतात. नको होतं सांगायला. ते न कळण्यातच तर मजा होती.

आणि ‘एलियन’चा २००३ चा डायरेक्टर्स कट तर मूळ पिक्चरपेक्षा एक मिनिटाने छोटाच आहे! रिडली स्कॉट म्हणाला की माझा खरा कट १९७९ चाच, हे नाव विक्रीसाठी आहे. आता बोला.

प्रश्न (ठाणे): माझ्या डीव्हीडीवर पिक्चर ११५ मिनिटांचा आहे, नेटवर सगळीकडे १२० लिहिलंय. सेन्सॉरने पाच मिनिटं कापली का? दुकानदार म्हणतो माहीत नाही.

उत्तर: बहुतेक एक फ्रेमही कापलेली नाही. थिएटरला फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते. आपल्याकडे आणि युरोपात टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५. मग डिस्क करताना २४ वाला पिक्चर सरळ २५ ने पळवतात, चार टक्के फास्ट. १२० मिनिटांचं चार टक्के काढा, ११५ येतंय ना? आवाजही किंचित चढतो, गाणं पाठ असेल तर कानाला जाणवतं की आज बाई जरा वरच्या पट्टीत गातायत. अमेरिकेची पद्धत एनटीएससी, त्यात काही फ्रेमचे तुकडे परत परत दाखवून हिशोब जमवतात म्हणून वेळ बदलत नाही. आपल्याकडच्याही खूप डीव्हीडी एनटीएससीमध्येच निघाल्यात, मागे लिहिलेलं असतं. ब्लू-रेवर पिक्चर २४ च्या २४ ने चालतो, तिथे हा घोळ सहसा नाही, त्यामुळे ब्लू-रेवर पाच मिनिटं कमी दिसली तर मात्र जरूर शंका घ्या.

प्रश्न (कोल्हापूर): जावई न्यू जर्सीला असतात. त्यांनी हौसेने तिकडून ब्लू-रे आणल्या, इथे प्लेयरमध्ये घातल्या की नुसती पाटी येते, चालत नाहीत. त्यांना काही बोलताही येत नाही.

उत्तर: जावयांची काही चूक नाही, त्यांना बोलू नका. डिस्कला रिजन असतो. ब्लू-रेमध्ये अमेरिका ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी आणि आपण सी. डीव्हीडीत अमेरिका १, इंग्लंड २, आपण ५. मागे छोट्या पृथ्वीच्या चित्रात हा आकडा किंवा अक्षर असतं. कंपन्यांना एका देशात पिक्चर थिएटरला लागायच्या आधी दुसऱ्या देशातली डिस्क तिथे पोचायला नको होती, म्हणून ही कुलुपं, आणि आता तो प्रश्न राहिलेला नाही तरी कुलूप आहेच.

खूप डिस्कवर कुलूप नसतंही, सगळ्या रिजनला चालतात, पण कव्हरवर नेहमी खरं लिहिलेलं असेलच असं नाही. पुढच्या वेळी जावयांना सांगा की फोरके डिस्क आणा, त्या प्रकारात रिजनचं कुलूप नाही, कुठलीही कुठेही चालते. अर्थात प्लेयर फोरकेचा हवा, साध्या ब्लू-रे प्लेयरमध्ये ती चालणार नाही. आणि एक गोम आहे, फोरकेच्या डबीत सोबत साधी ब्लू-रे असते तिला मात्र कुलूप असू शकतं, आणि जादाचे माहितीपट वगैरे बऱ्याचदा त्या साध्या डिस्कवरच असतात.

प्रश्न (पुणे, कॉलेज): स्टीलबुक घेऊ का? दुप्पट किंमत आहे.

उत्तर: पत्र्याची डबी आहे ती. आतली डिस्क बहुतेक वेळा तीच असते जी प्लॅस्टिकच्या डबीत मिळते. कपाटात छान दिसते म्हणून घ्यायची तर घे, मीही घेतल्यात, पण दुप्पट पैशात पिक्चर दुप्पट होत नाही. आधी दोन्ही डब्यांच्या मागचं लिखाण शेजारी ठेवून बघ.

तू विचारलं नाहीस तरी तुझ्या वयाच्या माणसाला सांगावंसं वाटतं, पूर्वी डिस्कवाले खरंच मेहनत घ्यायचे. ‘टर्मिनेटर २’ची २००० सालची अल्टिमेट एडिशन डीव्हीडी, तिच्यात थिएटरचा कट आणि लांबवाला कट एकाच डिस्कवर होते, सीन दोनदा साठवायचे नाहीत, प्लेयरच उडी मारून योग्य तुकडे जोडतो. पण मेनूमध्ये रिमोटवरून ८२९९७ दाबलं की तिसरा, अजून लांब कट उघडायचा! ८-२९-९७, म्हणजे पिक्चरमधल्या जगबुडीची तारीख, २९ ऑगस्ट १९९७, अमेरिकन पद्धतीने महिना आधी. आता ॲपवर असं कोण करतंय.

प्रश्न (सोलापूर): वडील शपथेवर सांगतात की त्यांनी ‘शोले’त ठाकूर गब्बरला मारतो असा शेवट बघितलाय. आम्ही टीव्हीवर बघितला त्यात पोलीस येतात. वडिलांचं वय झालंय, पण भांडण मिटत नाही.

उत्तर: वडिलांची माफी मागा. मूळ शूट केलेला शेवट तोच, खिळे ठोकलेल्या बुटांनी ठाकूर गब्बरला संपवतो. पण १५ ऑगस्ट १९७५ ला पिक्चर लागला तेव्हा आणीबाणी होती, आणि सेन्सॉरचं म्हणणं पडलं की माजी पोलीस अधिकारी असा कायदा हातात घेताना दाखवता येणार नाही. मग शेवट परत शूट केला, पोलीस ऐन वेळी येतात तो. आपल्या सचिन पिळगांवकरांचा, म्हणजे इमामसाहेबांच्या अहमदचा मारला जातानाचा सीनही असाच गेला, थिएटरमध्ये गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढे घोड्यावरून प्रेतच येतं. (मला विचाराल तर ती मुंगी जास्त भारी आहे, कधी कधी कात्रीही उपकार करते.) जुना शेवट पुढे व्हिडिओवर फिरला, वडिलांनी तो तिथेच बघितला असणार, १९७५ ला थिएटरमध्ये नाही, एवढी एक दुरुस्ती त्यांना हळूच सांगा. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर अख्खा पिक्चर दुरुस्त करून मूळ शेवटासकट उभा केला आणि जून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात चौकात मोठ्या पडद्यावर दाखवला. त्यामुळे ‘शोले’ची डिस्क दिसली तर शेवट कुठला आहे ते विचारूनच घ्या.

प्रश्न (रत्नागिरी): ५५ इंची टीव्ही घेतला आणि पिक्चरला वर खाली काळे पट्टे. पैसे वाया गेले का?

उत्तर: नाही. पिक्चर तुमच्या टीव्हीपेक्षा रुंद शूट झालाय, सिनेमास्कोप, २.३५:१, तो पूर्ण दाखवायचा तर वर खाली जागा उरणारच. रिमोटवरचं झूम दाबून पट्टे घालवाल तर कडेची माणसं घालवाल. जुन्या डब्यांवर फुल स्क्रीन लिहिलेलं असायचं ते तर अजून वाईट, जुन्या चौकोनी टीव्हीसाठी सिनेमास्कोप पिक्चर कापला की चाळीस टक्क्यांच्या वर चित्र गेलं. दोघांच्या संवादात एकाचं नुसतं नाक दिसायचं, आठवतंय? फुल या शब्दाला फसू नका. वाइडस्क्रीन लिहिलेली घ्या, आणि त्यातही अ‍ॅनामॉर्फिक किंवा ‘१६:९ टीव्हीसाठी’ असं असेल तर बरं, नाहीतर नव्या टीव्हीवर चारी बाजूंनी काळं आणि मध्ये पोस्टकार्डाएवढा पिक्चर. माझ्याकडे अशी एक हिंदी डीव्हीडी आहे, वर कोपऱ्यात कंपनीचा लोगो तीन तास चमकत असतो, कंपनीचं नाव सांगत नाही.

प्रश्न (डोंबिवली): घरात शंभरेक व्हीसीडी आहेत, २८ रुपयेवाल्या. सून म्हणते टाका. टाकू का?

उत्तर: २८ रुपये म्हणजे मोझर बेअर कंपनी! २००७ ला त्यांनी व्हीसीडी २८ ला आणि डीव्हीडी ३४ ला काढली आणि पायरसीवाल्यांची झोप उडवली. चित्राचं म्हणाल तर व्हीसीडी म्हणजे ३५२ बाय २८८ ठिपके, ब्लू-रेचं १९२० बाय १०८०, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर ती पाण्यातून बघितल्यासारखी दिसणार. जे हिंदी पिक्चर आता कुठेही चांगल्या प्रिंटमध्ये मिळतात त्यांच्या खुशाल टाका, सुनेचंही ऐकलं असं होईल. पण मराठी वेगळ्या काढा, विशेषतः नाटकांच्या. नाटकाचा कुठला डायरेक्टर्स कट नसतो, त्या नटसंचात ते एकदा शूट झालं ते झालं. कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह लावून व्हीसीडी उघडलीत की एका फोल्डरमध्ये मोठी डॅट फाइल दिसेल, ती कॉपी करून ठेवा, कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेयरमध्ये सरळ चालते. एका व्हीसीडीत तास-सव्वा तासच मावतो म्हणून पिक्चर दोन-तीन डिस्कवर असतो, तर डबी उघडून आधी दुसरी डिस्क आहे का ते बघा, आमच्याकडे निम्म्या पिक्चरांचा इंटरव्हलनंतरचा भाग शेजाऱ्यांकडे गेलाय तो अजून आलेला नाही.