तालमीच्या खोलीतला माहितीपट

प्रश्न : ओळखीच्या पाच तरुणांनी बँड सुरू केला असून गाणी ते स्वतःच रचतात. त्यांच्यावर माहितीपट करावा म्हणून गेले आठ महिने मी एकटाच चित्रीकरण करतो आहे. साठ तासांचे फुटेज जमले आहे, पण त्यात बहुतांश त्यांचे कार्यक्रमच आहेत. ते अजून प्रसिद्ध नाहीत, पुढे होतील की नाही तेही ठाऊक नाही. मग शेवट कुठून आणायचा? त्यांच्यातील वाद दाखवावेत का आणि गाण्यांच्या हक्कांचे काय, हेही कृपया सांगावे.

उत्तर : माझ्या मते खरी अडचण आपल्या पहिल्या शंकेतच आहे. बँडचे पुढे काय होणार हा प्रश्न माहितीपटाने हाती घेऊच नये, कारण त्याचे उत्तर मिळायला दहा वर्षेही लागू शकतील. त्याऐवजी जिला आरंभ आणि अंत आहे अशी एकच गोष्ट निवडावी. एका गाण्याची पहिली ओळ सुचल्यापासून ते ध्वनिमुद्रित होईपर्यंतचा काळ घ्या. गाणे पूर्ण होईल किंवा अर्ध्यावर सोडून दिले जाईल. काहीही झाले तरी शेवट आपल्या हाती लागेल.

त्यासाठी कॅमेरा रंगमंचासमोरून उचलून तालमीच्या खोलीत न्यावा लागेल. आवाजासकट चित्रीकरण करू शकणारे, खांद्यावर घेता येण्याजोगे कॅमेरे १९६० च्या सुमारास आले, तेव्हापासून हे शक्य झाले आहे. अमेरिकन माहितीपटकार डी. ए. पेनबेकर यांनी १९६५ मध्ये गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या इंग्लंड दौऱ्याचे चित्रीकरण केले. १९६७ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्या माहितीपटात रंगमंचाइतक्याच, किंबहुना अधिकच लक्षात राहतात त्या हॉटेलच्या खोल्या आणि पत्रकारांशी झालेल्या चकमकी.

एका तालमीत मी स्वतः चुकलो होतो. ड्रमर चौथ्यांदा त्याच मात्रेवर अडखळला आणि सगळे थांबले. माझा कॅमेरा ड्रमरवरच रोखलेला होता, आणि बाजूला बास गिटार वाजवणारा मुलगा, मुळात सुरातच असलेली तार पुन्हा जुळवत, मान खाली घालून बसला होता. त्या बँडमधला सगळा ताण त्या बोटांत होता आणि तो माझ्याकडे चित्रित झालेला नाही. वाजवणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे पाहण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

आवाजाबाबत मात्र हयगय करू नका, कारण अंधुक चित्र प्रेक्षक सहन करतात, फाटका आवाज नाही. लहान सभागृहात थेट मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक जोडलेल्या ध्वनियंत्रातून, आवाज घेतला तर गायन फार पुढे येते आणि ड्रम व गिटार जवळजवळ ऐकूच येत नाहीत. त्यांचा आवाज खोलीत मुळातच मोठा असल्याने ते मिक्सरमध्ये फारसे घेतलेले नसतात. म्हणून खोलीत वेगळा रेकॉर्डर ठेवावा, दोन्ही आवाज ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेणाऱ्या सेटिंगवर) मुद्रित करावेत आणि संकलनात ते एकत्र करावेत. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली की चित्र आणि आवाज जुळवणे सोपे जाते.

वाद चित्रित करावेत, परंतु पाचही जणांशी आधी बोलून. कोणी ‘कॅमेरा बंद कर’ म्हणाले तर तो त्याच क्षणी बंद करावा. आठ महिन्यांचा विश्वास एका दृश्यासाठी गमावण्यासारखा नसतो. कच्चे संकलन त्यांना दाखवावे आणि तपशिलाच्या चुका दुरुस्त कराव्यात, मात्र अंतिम संकलनाचा निर्णय आपलाच राहील, हे आजच ठरवून लिहून ठेवावे.

हक्कांचे काम तर उद्यावर टाकूच नका. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात : शब्द आणि चाल यांचा एक, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. आज दोन्ही बहुधा त्या पाच जणांकडेच असतील. उद्या त्यांनी एखाद्या संगीत कंपनीशी करार केला तर त्यांतील काही कंपनीकडे जाऊ शकतात आणि मग आपल्याला तिच्या दारात उभे राहावे लागेल. प्रत्येकाची लेखी संमती आताच घ्यावी. कार्यक्रमात त्यांनी दुसऱ्यांची गाणी वाजवली असतील, तर त्यांच्या मूळ हक्कधारकांची परवानगी वेगळी लागते. ती मिळणे अवघड वाटल्यास ते भाग वगळावेत.

साठ तासांचे फुटेज वाया गेले असे समजू नका. त्यातून, ज्यांत कोणीही गात किंवा वाजवत नाही, तेवढे तुकडे आधी वेगळे काढा आणि तेच सलग पाहा.