हॅरॉल्ड बड यांचं ब्रायन ईनोव्यतिरिक्त इतरांबरोबरचं आणि कमी माहितीतलं काम कुठून ऐकायला घ्यावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "ईनोचे साथीदार हॅरॉल्ड बड यांचे 'द प्लॅटोज ऑफ मिरर' आणि 'द पर्ल' हे दोन अल्बम ऐकून झाले. फार आवडले. आता पुढे काय? कुणाला फारसं माहीत नसलेलंही चालेल."

चालेल काय, धावेल. पण आधी ते 'साथीदार' खोडा. बड म्हणजे अमेरिकन पियानोवादक आणि संगीतकार, ईनो ब्रिटिश संगीतकार आणि निर्माता.

या एका शब्दावरून माझं आणि माझ्या दादाचं जे वाजलंय ते आजतागायत मिटलेलं नाही. नाहीतर मी उत्तर द्यायला आलेच नसते, याद्या काय, कुठेही मिळतात. दादाचं म्हणणं असं की बड म्हणजे ईनोचा पियानोवाला. ईनोने हात दिला नसता तर या माणसाचं नाव कुणी ऐकलं नसतं. आणि हे तो अशा सुरात म्हणतो की पुढे बोलणंच खुंटतं.

बड यांचा जन्म १९३६ चा. ईनो त्यांच्याहून बारा वर्षांनी धाकटा. ईनो रॉक्सी म्युझिक या रॉक बँडमध्ये पिसाबिसांचे कपडे घालून सिंथेसायझर वाजवत होता तेव्हा बड कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये शिकवत होते आणि 'मॅड्रिगल्स ऑफ द रोझ एंजल' ही रचना १९७२ मध्ये लिहून मोकळे झाले होते. त्या रचनेची टेप संगीतकार गॅव्हिन ब्रायर्समार्फत ईनोपर्यंत पोचली, ईनोने ती ऐकली आणि बड यांना लंडनला बोलावून घेतलं. कोण कुणाच्या शोधात गेलं ते तुम्हीच बघा. त्यातून 'द पॅव्हिलियन ऑफ ड्रीम्स' झाला, ईनोच्या ऑब्स्क्युअर लेबलवरचा दहावा आणि शेवटचा अल्बम, १९७८ चा. त्यातल्या पहिल्या रचनेत मॅरियन ब्राऊनचा सॅक्सोफोन आहे आणि ती जॅझच्या इतक्या जवळची आहे की 'अ‍ॅम्बियंट' (मागे वातावरणासारखं पसरून राहणारं संगीत) समजून ऐकायला बसलेला माणूस चमकतो. चमकायचं कारण नाही. बड तरुणपणी सैन्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे, आणि त्याच बँडमध्ये पुढे गाजलेला जॅझ सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलर होता.

'प्लॅटोज' कसा झाला हे दादाला मी शंभरदा सांगितलंय. ईनो आवाजावर प्रक्रिया करणारी यंत्रं लावून द्यायचा, बड यांना पियानो वाजवताना तो बदललेला आवाजच कानावर यायचा आणि त्याला धरून ते सुचेल तसं वाजवत जायचे. आता यात साथ कोण कुणाला करतंय? गायकाच्या मागे तंबोरा जुळवून बसलेल्याला कुणी मुख्य कलाकार म्हणत नाही. ईनोच्या तंबोऱ्याला मी कमी लेखत नाही, तसा तंबोरा त्याआधी कुणी जुळवला नव्हता. पण त्या अल्बममध्ये सूर लावतंय कोण?

दादाच्या आणि माझ्या भांडणाचं खरं मूळ मात्र 'द मून अँड द मेलडीज'मध्ये आहे. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तरही तेच आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

१९८६ चा हा अल्बम बड आणि कॉक्टो ट्विन्स या बँडचे तिघे, म्हणजे गायिका एलिझाबेथ फ्रेझर, गिटारवादक रॉबिन गथ्री आणि सायमन रेमंड, यांनी मिळून केला. निमित्त एका टीव्ही कार्यक्रमाचं होतं, तो कार्यक्रम बारगळला आणि अल्बम राहिला. त्यावर बँडचं नाव नाही, चौघांची सुटी नावं आहेत. मुद्दाम तशी ठेवलेली. दादाकडे त्याची कॅसेट होती, कुणाकडून तरी भरून घेतलेली. आतल्या कागदावर त्याने निळ्या बॉलपेनने मोठ्या अक्षरांत 'कॉक्टो ट्विन्स' लिहिलं होतं आणि खाली, जागा उरली म्हणून असावं, बारीक अक्षरांत '+ बड'. तो अधिकचा '+' मला अजून दिसतो.

माझ्याकडे त्याच सालची, बड यांची एकट्याची 'लव्हली थंडर' ही सीडी होती. दादाला ती कंटाळवाणी वाटायची. एका संध्याकाळी त्याची कॅसेट चालू होती, मी दुसरंच काहीतरी करत होते. दुसरा ट्रॅक लागला, 'मेमरी गाँग्ज', आणि माझा हात थांबला. ते लांबून येणारे, घंटेसारखे पसरत जाणारे ठोके मी ओळखत होते. 'लव्हली थंडर'वर 'फ्लॉवर्ड नाइफ शॅडोज' नावाचा ट्रॅक आहे, तोच हा. नाव वेगळं, ध्वनीची रंगसफेदी थोडी वेगळी, पण रचना तीच.

मी दादाला सांगितलं. तो कॅसेटवरून नजर न काढता म्हणाला, "तुला सगळं सारखंच ऐकू येतं. बडचं सगळं असतंच सारखं."

मग मी जे केलं ते वेडेपणाचं होतं, पण मला त्याचा अभिमान आहे. वॉकमनमध्ये त्याची कॅसेट, सीडी प्लेअरमध्ये माझी सीडी. वॉकमनच्या इयरफोनचं एक बोंड डाव्या कानात, सीडी प्लेअरचं एक उजव्या कानात. दोन्ही एकदम सुरू करायला दोन हातांचे दोन अंगठे पुरतात, पण एकदम सुरू होतील ती यंत्रं कसली? कॅसेट किंचित हळू चालायची. पहिले काही ठोके एकावर एक बसायचे, मग डावा कान मागे पडायचा, तोच ठोका दोनदा ऐकू यायचा आणि बघता बघता दोन वेगळे पियानो एकमेकांच्या पाठीमागे चालल्यासारखे वाटायचे. की मी सीडी पॉझ करायची, कॅसेटला येऊ द्यायचं, पुन्हा सोडायची. असं करत करत मी तो ट्रॅक शेवटपर्यंत नेला. मग दादाला बसवलं आणि त्याच्या कानात घातलं. पॉझचं बटण माझ्या हातात.

तो डोळे मिटून मिनिटभर ऐकत होता. मिनिटभर तरी नक्की. मग त्याने उजव्या कानातलं काढलं, माझंच, आणि म्हणाला, "मग काय, एकच माल दोनदा विकला म्हणायचं." आणि उठून गेला.

तुझं बरोबर होतं, हे तीन शब्द आजपर्यंत आलेले नाहीत. आता कुठल्याही डिस्कोग्राफीत ही गोष्ट एका ओळीत लिहिलेली सापडते. खरं सांगायचं तर सीडीवर त्या ट्रॅकच्या नावापुढेच 'सायमन रेमंडसाठी' असं छापलेलं होतं. माझं लक्ष नंतर गेलं. पण कानाने मी आधी ओळखलं होतं, ते ओळखलंच होतं.

तर 'द मून अँड द मेलडीज' ऐका. त्यातले चार ट्रॅक फ्रेझरच्या गाण्याचे आणि चार नुसत्या वाद्यांचे आहेत. लोक पहिल्यावर, 'सी, स्वॉलो मी'वर फिदा असतात, अलीकडे तर त्याच्या तुकड्यांवर व्हिडिओ बनवणारी नवी पोरंही आली आहेत. असू देत. पण बड यांना शोधत असाल तर वाद्यांचे चार आधी ऐका. २०२४ मध्ये गथ्रीने मूळ टेपवरून रीमास्टर केलेली आवृत्ती निघाली आहे, तीच घ्या. आणि लगेच मागोमाग 'लव्हली थंडर', त्यातही 'जिप्सी व्हायोलिन'. वीस मिनिटांचा ट्रॅक आहे, घाईत असाल तर लावू नका.

गथ्री आणि बड ही जोडी पुढे वीसेक वर्षांनी जास्त रंगली, असं माझं ठाम मत आहे. २००७ मध्ये दोघांचे दोन अल्बम एकदमच आले, 'आफ्टर द नाइट फॉल्स' आणि 'बिफोर द डे ब्रेक्स'. ट्रॅकची नावं एकमेकांना उत्तरं देतात. एकीकडे 'टर्न ऑफ द सन', दुसरीकडे 'टर्न ऑन द मून'. एकीकडे 'इनसाइड, अ गोल्डन एको', दुसरीकडे 'आउटसाइड, सायलेन्स'. नावांची गंमत सोडली तरी गिटार आणि पियानो यांतलं कुठलं कुठे संपतं हे कळत नाही, आणि ते कळू नये यासाठी दोघांनीही मेहनत घेतली आहे. 'मिस्टीरियस स्किन' या चित्रपटाचं संगीतही दोघांचंच.

गायक-गिटारवादक अँडी पार्ट्रिजबरोबरचा १९९४ चा 'थ्रू द हिल' काही जण डोक्यावर घेतात. मला तो तुकड्यांची थैली वाटतो. इलेक्ट्रॉनिक संगीतकार जॉन फॉक्सबरोबरचं 'ट्रान्सल्यूसन्स' बरं आहे, ऐका, पण आधी नको.

कमी माहितीतलं म्हणाल तर तीन सांगते. 'द सर्पंट (इन क्विकसिल्व्हर)', १९८१ चा. जेमतेम वीस मिनिटांचा, सहा छोटे ट्रॅक, आणि पहिल्या 'अफार'मध्ये चॅस स्मिथची पेडल स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची ती. ती गिटार कंट्री संगीतात रडवायला वापरतात, इथे ती नुसती क्षितिजावर पडून राहते. दुसरा 'ला बेला व्हिस्टा', २००३ चा. बड एका घरी पियानो वाजवत बसले होते आणि निर्माता डॅनियल लान्वाने त्यांना न सांगता ते ध्वनिमुद्रित केलं. यंत्रं नाहीत, प्रक्रिया नाही, ईनो नाही. दादाला हा मी तीनदा पाठवला. उत्तर नाही. तिसरं अगदी टोकाचं, 'द ओक ऑफ द गोल्डन ड्रीम्स', १९७० चं, बुकला बनावटीच्या सिंथेसायझरवरचं. एकच स्वर धरून ठेवलेला आणि त्यावर सनईच्या जातीचं काहीतरी वळवळत असतं. 'द पर्ल' ऐकून याकडे आलात तर माणूस बदलला की काय असं वाटेल. ईनोची आणि यांची तोंडओळखही झालेली नव्हती तेव्हा, हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवते.

दादाच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी बोलतेय. ईनोबरोबरचे दोन अल्बम हेच बड यांचं सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं काम आहे आणि ते उगाच नाही. आणि बड यांनी पुनरावृत्ती भरपूर केली. २००४ मध्ये 'अ‍ॅव्हलॉन सूत्रा' काढून निवृत्ती जाहीर केली आणि नंतरची सोळा वर्षं अल्बम काढत राहिले, त्यातले काही न काढते तरी चाललं असतं. शेवटचा गथ्रीबरोबरचाच, 'अनदर फ्लॉवर'. २०१३ मध्ये केलेला, ४ डिसेंबर २०२० ला बाहेर आला, आणि ८ तारखेला कोविडने ते गेले. तो अल्बम मी अजून तटस्थपणे ऐकू शकलेले नाही, तेव्हा त्याबद्दल माझं मत धरू नका.

हो, आणि मी वर 'अ‍ॅम्बियंट' शब्द वापरला तो सोयीसाठी. खुद्द बड यांना तो शिक्का आवडत नसे.

'अबँडन्ड सिटीज'चं राहिलंच. १९८४ चा, दोनच ट्रॅक, दोन्ही वीस-वीस मिनिटांच्या वरचे, एका कलादालनातल्या मांडणीसाठी केलेले. पियानोचा मागमूस नाही, नुसता काळोख आणि खालून घरघर. बड यांचं बालपण मोहावी वाळवंटाच्या काठी व्हिक्टरव्हिलमध्ये गेलं. तिथल्या टेलिफोनच्या तारांमधून वारा घुमायचा तो आवाज ते विसरले नाहीत, आणि तो कुठे ऐकायचा असेल तर इथे. हा अल्बम ईनोचा पियानोवाला करूच शकत नाही, हा माझा भांडणातला हुकमी एक्का होता. दादाने एकदा विचारलं, "तो पूर्ण ऐकलायस तू कधी?" मी म्हटलं, "कितीतरी वेळा."

पहिला ट्रॅक ऐकलाय, कितीतरी वेळा. दुसऱ्याच्या मध्यापर्यंतही पोचलेय. त्यापुढे दरवेळी झोप लागली आहे. तेव्हा तुम्ही ऐकलात आणि शेवटी काय होतं ते कळलं, तर खाली लिहा. दादा इथे येत नाही.