धूळ गोळा करायच्या आधी पाऊस बघ
अरे, रस्त्यावरच्या धुळीत धातू किती ते तपासायला घेतलेली जुलैतली आणि जानेवारीतली सॅम्पलं एकत्र धरू नकोस, एक दणदणीत सर आली की बारीक धूळ गटारातून थेट खाडीत, मग आकडे कमी आले म्हणून रस्ता स्वच्छ असं थोडीच असतं. शेवटच्या पावसानंतर किती दिवस कोरडे गेले ते वहीत लिहायचंच, मी पहिल्या वर्षी नाही लिहिलं, सगळी मेहनत पाण्यात (अक्षरशः). थंडीत सायनच्या सिग्नलला डिव्हायडरच्या कडेला बघ, मैद्यासारखी काळपट धूळ साचते, झिजलेल्या ब्रेकचं तांबं नि टायरचं झिंक या बारीक धुळीतच जास्त सापडतं, म्हणून ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीखालची वेगळी काढ. दुपारी समुद्राचा वारा सुटायच्या आत उरक, आणि ब्रश-सुपली प्लास्टिकची ने, लोखंडी नको हां, तिचाच धातू सॅम्पलात मिसळायचा.