डोळे कपाळात गेलेत, असं सर म्हणाले

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू फोटोवर चौकटींची ग्रिड आखून चेहरे काढतेस, हुबेहूब येतात, सगळे कौतुक करतात. आता एक ज्येष्ठ पोर्ट्रेट आर्टिस्ट शिकवायला तयार झालेत, पण अट अशी की पहिले सहा महिने फक्त चारकोल, म्हणजे कोळशाची कांडी, रंग नाही, फोटो नाही, समोर बसलेला माणूस बघून काढायचं. पहिल्याच भेटीत त्यांनी तुला ग्रिडशिवाय एक चेहरा काढायला लावला, त्यावर सरळ स्वतःची रेघ मारली आणि म्हणाले, "डोळे कपाळात गेलेत." ते तुला लागलं. आणि आता विचारतेस, चाळिशीत पुन्हा श्री गणेशा करायचा का, आणि माझी स्टाइल पुसली गेली तर?

अगं, ती रेघ मला फार आवडली. डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे साधारण मधोमध येतात, आणि शिकताना जवळजवळ सगळेच ते वर सरकवतात, कारण लक्ष सगळं नाकाडोळ्यांवर असतं आणि केसांखालची कवटी कुणी मोजतच नाही. ग्रिडमध्ये ही चूक लपते कारण तिथे तू चेहरा नाही, चौकटी उतरवत असतेस. नेमकी चूक नेमक्या जागी दाखवणारा माणूस मिळाला तुला, "छान आहे, प्रॅक्टिस करत राहा" म्हणणारे तर ढिगाने मिळतात.

फोटो बंद करण्यामागेही कारण आहे. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे जातात, आणि सावली नुसती काळी होते, तिच्यातला उजेड दिसतच नाही. समोर माणूस असला की डोळे बारीक करून बघायचं, बारकावे विरघळतात आणि उरतात फक्त उजेडाचे नि सावलीचे मोठे आकार, ते चारकोलने भराभर मांडता येतात, चुकलं तर फडक्याने झटकता येतात. सहा महिने त्यात गेले तर वाया गेले असं मला तरी वाटत नाही.

स्टाइलचं म्हणशील तर प्रसिद्ध पोर्ट्रेट चित्रकार जॉन सिंगर सार्जंट 1874 मध्ये, अठराव्या वर्षी, पॅरिसमध्ये कॅरोलस-ड्युरान या चित्रकाराकडे शिकायला गेला, 1879 मध्ये त्याने गुरूचंच पोर्ट्रेट केलं, आणि पुढे गुरूपेक्षा जास्त नाव त्याचंच झालं.

पण थांब, लगेच हो म्हणू नकोस. चांगला चित्रकार चांगला शिक्षक असतोच असं नाही, हे मी स्वतः भोगलंय. मी दोन वर्षं एकांकडे गेले, ते माझ्या हातातून ब्रश घ्यायचे आणि चित्र पूर्ण करून द्यायचे. घरी सुंदर चित्रं यायची, पण एकटी बसले की साधा कान जमायचा नाही, आणि तेव्हा इतकं रडू यायचं की काय सांगू. म्हणून सरांना विचार, एक दिवस नुसती बसून क्लास बघू का? बघताना त्यांचं चित्र नको बघूस, त्यांचा हात बघ. रेघ मारून झाल्यावर ते ती पुसून मुलांना परत काढायला लावतात का, की तशीच ठेवून पुढच्याकडे जातात? जुन्या विद्यार्थ्यांचं काम मागून बघ, सगळी चित्रं एकाच हातची वाटली तर तुझी स्टाइलची भीती खरी आहे. आणि चित्राबद्दल कितीही कडक बोलू देत, पण माणसाबद्दल, वयाबद्दल बोलले तर उठून ये.

वयाचं काही नाही गं, पेन्सिल धरून हात लांब केला आणि समोरचा चेहरा मोजता आला की झालं.

जाताना ती रेघ मारलेली चित्राची शीट बरोबर ने, खोडू नकोस. आणि आज रात्रीच आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा काढ, ग्रिड न आखता, तारीख टाकून ठेव. क्लास बघून आलीस की काय दिसलं ते मला सविस्तर लिही, मी वाट बघतेय.

तुझी ताई