लेबर रूमच्या वजनकाट्यापासून सुरुवात कर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. पुण्यातल्या माता-बाल रुग्णालयात रिसर्च असोसिएट म्हणून रुजू होते आहेस हे वाचून फार आनंद झाला. आधी काय वाचू, कोणतं सॉफ्टवेअर शिकू, असं तू विचारलंस. सॉफ्टवेअर हळूहळू येईल. त्याआधी लेबर रूममध्ये जा आणि तिथला वजनकाटा बघ. अशा रुग्णालयात संशोधनासाठी वेगळी दुनिया नसते, ते रोजच्या सेवेच्या पोटातच चालतं. सिस्टरने घेतलेलं वजन चुकलं, तर पुढे कोणतंही गणित ते दुरुस्त करू शकत नाही.

जन्मवजन २५०० ग्रॅमच्या खाली असेल तर बाळ कमी वजनाचं धरतात. जुन्या रजिस्टरातली वजनं आलेखावर मांडलीस, तर बहुतेक ठिकाणी २.५ किलोवर उंच सुळका दिसेल. यात लबाडी नसते. वर पंखा चालू असतो, बाळ हातपाय झाडतं, आकडा नाचतो, शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत असते, आणि मग हात सोयीचा आकडा लिहितो. पण २४६० ग्रॅमचं बाळ २.५ झालं की ते तुझ्या विश्लेषणातून तर सुटतंच, शिवाय वॉर्डात त्याच्यावर जी जास्तीची नजर राहायला हवी तीही सुटते.

म्हणून काटा १० ग्रॅमचा फरकही दाखवणारा हवा आणि सपाट, न हलणाऱ्या जागी हवा. रोज सकाळी २ किलोचं प्रमाणित वजन ठेवून तपासायचं आणि वाचन लिहून ठेवायचं. फडकं टाकून शून्य करायचं, बाळ उघडं ठेवायचं, आकडा स्थिरावू द्यायचा आणि किलोत नव्हे, ग्रॅममध्ये चार आकडी लिहायचा. वजनासाठी बाळाला आईच्या छातीवरून घाईने उचलू नये. पहिला तास अंगाला अंग लावून, पहिलं दूध पाजून झाल्यावर घेतलं तरी चालतं, फक्त वेळ नोंदव. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं वजन जन्मवजन म्हणून लिहू नकोस, कारण तोवर ७ ते १० टक्के घट होऊ शकते. लांबीला दोन माणसं लागतातच: एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करायचे. एकट्याने घेतलेली लांबी मी तरी ग्राह्य धरणार नाही.

एवढ्या बारकाईने काय हाती लागतं, ते पुण्यानेच दाखवलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी त्या गावांतल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. इथलं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तिथलं ३.५. पण इथल्या बाळांची त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती, मांस मात्र कमी होतं. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाचा विचार जन्माआधीपासून करायला हवा, याला त्यातून बळ मिळालं. नुसत्या वजनावर थांबले असते तर हे दिसलंच नसतं. पाठीवरच्या त्वचेची घडी चिमट्याने मिलिमीटरमध्ये मोजली, म्हणून दिसलं.

गर्भाचे आठवडे हा दुसरा कच्चा दुवा. पाळीची तारीख विचारलीस तर अनेक जणी अंदाजे सांगतात. सणावारावरून विचार: गौरी बसल्या तेव्हा आली होती का, संक्रांतीच्या आधी की नंतर? मग कॅलेंडर समोर धरून तारीख काढ. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर ती ताडून घे, उशिराच्या सोनोग्राफीवर आठवडे ठरवू नकोस. संशोधनासाठी केलेल्या सोनोग्राफीलाही पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा लागू आहे. मशीन नोंदणीकृत हवं, त्या कायद्याखालचा सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ भरायचा, आणि गर्भाच्या लिंगाचा रकाना तुझ्या फॉर्मवर असताच कामा नये.

संमती लेबर रूममध्ये मागू नकोस. कळा सुरू असलेली बाई कशावरही सही करेल आणि त्या सहीला अर्थ नाही. गर्भारपणातल्या ओपीडीत बोल, मराठी पत्रक घरी ने म्हणावं, पुढच्या भेटीला विचार. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच संमती घेतली तर तिला नाही म्हणणं जड जातं, म्हणून ते काम दुसऱ्याने करावं. ‘नाही म्हटलं तरी इथली तपासणी अशीच चालू राहील’ हे वाक्य तोंडाने सांग, आणि तिला काय कळलं ते तिच्याच शब्दांत सांगायला लाव. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. सासूबाईंशी आदराने बोल, पण होकार तिचाच.

रक्ताचा हिशोब बाळाच्या वजनावरून कर. नवजात बाळात किलोमागे साधारण ८० ते ८५ मिली रक्त असतं, म्हणजे अडीच किलोच्या बाळात जेमतेम २०० मिली. संशोधनासाठी एका वेळी त्याच्या १ टक्क्याहून जास्त घेऊ नये असा संकेत आहे, म्हणजे फार तर २ मिली, आणि त्यातच सगळ्या तपासण्या बसवायच्या. म्हणून नाळेतलं रक्त मोलाचं. पण त्यासाठी नाळ लवकर चिमटायला कधीही सांगू नकोस. किमान एक मिनिट थांबणं हा बाळाचा हक्क आहे, त्यानंतर मिळेल तेवढ्यावर भागव. ग्लुकोज मोजायचं तर फ्लोराइडची ट्यूब आणि बर्फ हवाच, साध्या ट्यूबमध्ये तासाला ५ ते ७ टक्के साखर पेशीच खाऊन टाकतात. नमुने छोट्या छोट्या कुप्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेव, म्हणजे एका तपासणीसाठी सगळं वितळवावं लागणार नाही. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, तेव्हा जनरेटरची चाचणी बुधवारीच करून घे.

आता माहेर. पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते, बाळंतपण तिकडेच होतं, आणि तुझ्या यादीत ‘संपर्क तुटला’ अशी नोंद पडते. नुसती संख्या घटली असती तर चाललं असतं. पण पहिली बाळं सरासरीने थोडी हलकी असतात. तीच गळाली की उरलेल्यांचं सरासरी वजन फसवं वाढतं. पहिल्याच भेटीत माहेरचं गाव, तिथला एक फोन आणि तिथल्या आशाताईंचं नाव लिहून घे. बाळंतपणानंतर सव्वा महिना ती बाहेर पडणार नाही, म्हणून पुढची भेट सहा आठवड्यांच्या लसीला जोड, मग १० आणि १४ आठवड्यांच्या आणि नऊ महिन्यांच्या लसीला. फक्त तुझ्या फॉर्मसाठी दोन बस बदलून कोणी का यावं?

आणि रिपोर्ट. बी-१२ जीवनसत्त्व फार कमी आलं, हिमोग्लोबिन ६ आलं, तर ते तुझ्या एक्सेलमध्ये महिनाभर पडून राहता कामा नये. कोणता आकडा आला की कोणी, कोणाला, किती तासांत फोन करायचा, हे एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीकडे) जाणाऱ्या प्रोटोकॉलमध्येच, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यातच लिही. त्या फोनची वेळ केसपेपरवर नोंदवायची आणि खाली सही करायची.

प्रोटोकॉलचा कच्चा मसुदा झाला की पाठव.

कळावे.