आयर्लंडमध्ये अपक्ष म्हणून उभं राहायचंय? मग हे आधी वाच

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

डब्लिनमधून 2029 ची कौन्सिलची, म्हणजे तिथल्या महापालिकेची, निवडणूक अपक्ष लढवायचा तुझा विचार आवडला. नागरिकत्व अजून मिळालेलं नाही म्हणून तो सोडू नकोस. तिथे राहणाऱ्या, 18 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही स्थानिक निवडणुकीत मत देता येतं आणि उभंही राहता येतं, पासपोर्ट कुठलाही असो. डॉलसाठी, म्हणजे तिथल्या लोकसभेसाठी, उभं राहायला मात्र आयरिश नागरिकत्व आणि 21 वर्षं वय लागतं.

तयारीची सुरुवात टोनी ग्रेगरी या अपक्षाच्या कारकिर्दीपासून कर. पेशाने शिक्षक असलेला हा माणूस 1979 मध्ये डब्लिन शहराच्या कौन्सिलवर निवडून आला, 1981 ला डॉलसाठी पडला आणि फेब्रुवारी 1982 मध्ये डब्लिन सेंट्रलमधून जिंकला. त्या वेळी 166 जागांपैकी हॉहींच्या फिआना फॉल पक्षाकडे 81 होत्या, म्हणजे बहुमत नव्हतं. चार्ल्स हॉही आणि गॅरेट फिट्झजेराल्ड, पंतप्रधानपदाचे दोन्ही दावेदार, या नवख्या खासदाराशी बोलणी करत होते. ग्रेगरीने मंत्रिपद मागितलं नाही. त्याने वस्तीच्या मागण्यांचा कागद पुढे केला: मतदारसंघात 440 नवी घरं, उरलेल्या डब्लिनमध्ये आणखी 1,600, शहराच्या मध्यभागात 500 जणांना काम देण्यासाठी 40 लाख पौंड, बंदरातली 27 एकर जमीन आणि क्लॉन्डॉल्किनची कागद गिरणी सरकारच्या ताब्यात. करारावर हॉही आणि ग्रेगरी दोघांच्या सह्या झाल्या, साक्षीदार म्हणून मोठ्या कामगार संघटनेचे सरचिटणीस मायकेल मलन होते, आणि ग्रेगरीने तो मजकूर थेट डॉलच्या कामकाजात वाचून नोंदवला. हॉही 86 विरुद्ध 79 मतांनी निवडून आले.

या सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे ती कामकाजातल्या त्या नोंदीची. बंद खोलीतला शब्द नेता विसरू शकतो, सभागृहात वाचून दाखवलेला आकडा विसरता येत नाही. यादी तयार होती म्हणूनच हे जमलं. मतमोजणी संपल्यावर मागण्या शोधायला बसलेल्या अपक्षाच्या पदरात अधिकाऱ्यांनी सुचवलेलंच काहीतरी पडतं.

पण तो करार पुरता फळला नाही, आणि कारणही समजून घे. वर्कर्स पार्टीच्या तिघांनी पाठिंबा काढला आणि सरकार नोव्हेंबरमध्ये, जेमतेम आठ महिन्यांत, कोसळलं. तीन वर्षांत पुऱ्या व्हायच्या रोजगाराच्या कलमांना तेवढा वेळच मिळाला नाही. म्हणून तुझ्या यादीत प्रत्येक मागणीपुढे लिही: ही मंत्र्याच्या आदेशाने होते, अर्थसंकल्पातून होते की कायदा लागतो? पहिल्या प्रकारातल्या मागण्या सर्वांत वर ठेव आणि त्यांना तारीख मागून घे. ग्रेगरी मात्र करारावर जगला नाही. तो 2009 मध्ये वारला तेव्हाही खासदारच होता. रस्त्यावरच्या विक्रेत्यांच्या बाजूने निदर्शनं केली म्हणून 1986 मध्ये त्याने दोन आठवडे तुरुंगवास भोगला. वस्ती त्याला ओळखत होती ती अशा कामामुळे.

आता मतांचं गणित. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात असतो तसाच पसंतीक्रम तिथे सगळीकडे आहे, फक्त एका मतदारसंघातून अनेक जण निवडले जातात. कोटा काढायला वैध मतांना जागांपेक्षा एक जास्त संख्येने भाग, अपूर्णांक सोड आणि एक मिळव. पाच जागा आणि 12,000 मतं असतील तर 12,000 भागिले 6 अधिक 1, म्हणजे 2,001. पहिल्या पसंतीत एवढी मतं अपक्षाला क्वचितच मिळतात. तो बाद होणाऱ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर वर चढतो. म्हणून दारात उभं राहून कुठल्याच पक्षाला टोकाचं बोलू नकोस. "माझा पहिला नंबर ठरलाय," असं कोणी सांगितलं की वाद न घालता दुसरा नंबर माग. बरेच नवखे इथेच तोंड पाडून परततात आणि मत घालवतात.

अर्जासाठी अपक्षाला कौन्सिलला 100 युरो अनामत किंवा 15 नोंदणीकृत मतदारांची संमती लागते, डॉलला 500 युरो किंवा 30 जण. संमतीचा मार्ग निवडलास तर प्रत्येकाचं नाव आधी मतदार यादीत तपास.

पैशाच्या बाबतीत आपली माणसं हमखास अडकतील अशी एक जागा आहे. आयर्लंड बेटाबाहेर राहणाऱ्या, आयरिश नागरिक नसलेल्या व्यक्तीकडून एक युरोही घेता येत नाही. पुण्याच्या काकांनी प्रेमाने पाठवलेले पैसे त्याच दिवशी परत कर. एका व्यक्तीकडून वर्षाला जास्तीत जास्त 1,000 युरो, रोख 200 पर्यंतच, आणि 100 च्या वरची निनावी देणगी अजिबात नाही. 100 युरोच्या वरची पहिली देणगी आली की वेगळं बँक खातं उघड.

पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. मतदानानंतर सात दिवसांत ती खांबांवरून उतरवायची, आणि त्यांच्यासोबत प्लॅस्टिकचे केबल टायसुद्धा. पोस्टर निघतं, टाय खांबाला लटकत राहतो आणि दंडाची नोटीस तुझ्या नावे येते. म्हणून लावतानाच खांबांची यादी कर आणि उतरवणाऱ्याच्या हातात पक्कड दे.

निवडून आलास तर घर मिळवून देतो असं कोणालाही सांगू नकोस. घरवाटप प्रशासन करतं, नगरसेवक फक्त विचारणा आणि पाठपुरावा करू शकतो. तुझ्या हातात अर्थसंकल्प, विकास आराखडा आणि स्थानिक मालमत्ता कराचा दर आहे. तिथे मत देताना आकडे वाचून जा.

अपक्षांचं वजन आजही कमी नाही. लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, 2017 मध्ये 57 विरुद्ध 50 मतांनी पंतप्रधान झाले तेही अपक्षांच्या साथीने. 2025 मध्ये 174 च्या सभागृहात फिआना फॉल आणि फिने गेल या दोन पक्षांकडे मिळून 86 जागा होत्या, म्हणजे बहुमताला दोन कमी. अपक्ष घेऊन सरकार बनलं, पण पाठिंबा देणाऱ्या काहींनी विरोधकांच्या बाकांवरची बोलण्याची वेळही मागितली, त्यावर 22 जानेवारीला सभागृह इतकं पेटलं की पंतप्रधानाची निवड दुसऱ्या दिवसावर गेली. सरकारसोबतही आणि विरोधातही, असं दोन्हीकडून मिळवू पाहणाऱ्यावर मतदार डोळे ठेवून असतात. तुझी बाजू आधीच जाहीर कर.

तोवर या वर्षात एकच काम हातात घे: तुझ्या भागातले भारतीय, फिलिपिनो, ब्राझिलियन शेजारी मतदार यादीत आहेत का ते घरोघरी जाऊन विचार. यातल्या अनेकांना स्थानिक निवडणुकीत मत आहे हेच माहीत नसतं, आणि नोंदणी मतदानाच्या काही आठवडे आधी बंद होते.

तुझा स्नेहांकित